बिशपसाहेबांच्या गुडघ्यांखालचा फोम

न्नेवी, मंगळवार

ती. ओबियागेलीताईस उजुन्वाचा नमस्कार.

प्रभूच्या दयेने आम्ही धडधाकट आहोत. तुझा रक्तदाब उतरला का? भाऊजींना नमस्कार सांग. इकडचं मात्र जरा बिनसलं आहे.

आमच्या ह्यांच्या कारखान्यात प्लास्टिक वितळवून, त्यात गॅस सोडून फोमच्या जाड पट्ट्या काढतात, हे तुला ठाऊकच आहे. त्यात खडूची पूड घालतात. थोडी घातली की बुडबुडे बारीक पडतात. (जास्त घातली की प्लास्टिक वाचतं, एवढंच माझ्या डोक्यात पक्कं बसलं.) बिशपसाहेब मुलांना दृढीकरणाचा संस्कार द्यायला येणार, म्हणून चर्चने गुडघ्यांखाली घ्यायच्या गाद्या आमच्याकडे सांगितल्या. पसंत पडल्या तर सगळ्या धर्मप्रांताचं काम आमचं, नाहीतर कारखान्याला कुलूप. आणि नेमकी पूड बंदरात अडकली.

हिशेब माझ्याकडे, म्हणून खरेदीही माझ्याकडे. बाजारात न्झूची ढेकळं ढिगाने पडलेली (पाहुण्यापुढे ठेवतो, गरोदर बायका चघळतात, तीच पांढरी माती). मी ती आणली. मशीनवरचा ओक्वुडिली म्हणाला, "मॅडम, आपलं मशीन काही पोटुशी नाही!" मी म्हटलं, "तू कूट, तोंड चालवू नकोस." आणि काटकसर म्हणून दुप्पट घालायला लावली.

न्झूत ओल असते हे मला मॅट्रिकपर्यंत कुणी शिकवलं नाही. ओलीची वाफ झाली, फोमच्या पोटात ही भगदाडं पडली, आणि मातीने तो वाळक्या भाकरीसारखा कडक झाला. वरून मात्र गाद्या इतक्या देखण्या, की ह्यांनी क्रूसाची खूण केली.

रविवारी घंटा वाजली, सगळे गुडघ्यांवर आले. आधी बायकांच्या रांगेत कट्, मग पुरुषांच्या, मग चर्चभर शेंगा फोडल्यासारखा आवाज. बिशपसाहेबांची गादी सगळ्यांत शेवटी मोडली, भर शांततेत. ते हलले नाहीत. मिस्सा संपल्यावर ह्यांना एवढंच म्हणाले, "बाबा, मी पापं कबूल करून, प्रायश्चित्त घेऊनच आलो होतो रे." त्या दिवसापासून ह्यांना घास जात नाही. आमच्यासाठी प्रार्थना कर.

तुझी धाकटी,
उजुन्वा

ता. क. बिशपसाहेब दयाळू. येत्या रविवारी दुसरी गादी आणा म्हणाले, शेवटची संधी. खरी पूड आली आहे. तुझे गुडघेही त्यांच्यासारखेच कुरकुरणारे, म्हणून बसने एक गादी पाठवते. तिच्यावर अख्खी जपमाळ म्हण आणि खरं काय ते कळव.

आणखी एक. खरी पूड फार महाग गं. या गादीत निम्मी न्झूच आहे, पण या खेपेला कडक उन्हात वाळवली आहे. ह्यांना सांगू नकोस. मोडली तर पत्र लिहीत बसू नकोस, फोन कर.