नाचऱ्याच्या झाडाखाली

सिद्धेश्वर
६ मे २०२४

चि. सौ. मोहिनीस, बापाचे अनेक आशीर्वाद. वि. वि.

रानात रेंज न्हाई म्हणून पत्र लिहून राहिलो. आमी खुशाल. नाचऱ्या पाखरानं यंदा वाटेवरच्या टेंभुर्णीवर घरटं केलंय. लहान वाटीच, बाहेरून कोळ्याची जाळी लिंपलेली. चिमणीएवढा जीव, पर शेपटीचा पंखा फुलवून शेळ्यांम्होरं नाचतो अन् त्यांच्या पायानं उडालेले किडे टिपतो. तुझी आई झाडाखाली बसली की तिच्या डोक्यावर झडप घालतो. ती म्हणते, मोहिनीच्या सासऱ्यावानी तापट हाय.

ओढ्यात बिबट्याची पावलं दिसली. तू भिऊ नको.

तिकडच्या मंडळींस नमस्कार. आमची आठवण ठेवावी.

तुझा बाप,
मसाजी

आखाडा बाळापूर
१२ मे २०२४

ती. बाबांस, मोहिनीचा सा. न. वि. वि.

भिऊ नको म्हणून कसं लिहिता? पत्र वाचल्यापासून घास उतरेना. आईला डाव्या कानानं ऐकू येत न्हाई. मागून काही आलं तर तिला कळायचंबी न्हाई. तिला रानात काहून नेता? शेळ्या गावाजवळ चारा. तिला माझ्या गळ्याची शपथ सांगा.

लगोलग कळवा. माया आहेच, ती तशीच राहू द्या.

तुमची लेक,
मोहिनी

सिद्धेश्वर
१७ मे २०२४

चि. सौ. मोहिनीस अनेक आशीर्वाद. वि. वि.

तुझं पत्र यायच्या आदल्या दिवशीच घडलं. मी शेळ्या पाण्यावर नेल्या होत्या, तुझी आई टेंभुर्णीखाली टेकली होती. नाचरा गाणं सोडून चक्‌चक्‌ करत सुटला. घरट्याला साप लागला समजून ती काठी घेऊन उठली. पर दोन्ही पाखरं घरटं सोडून घाणेरीच्या जाळीवर झेपावत होती. तिनं तिकडं पाहिलं. पानाआड बिबट्या दबा धरून बसला होता.

तिनं काठी तशीच म्होरं धरली. मग पाठ न फिरवता मागं सरकत ती ओढ्यापर्यंत आली अन् मला बिलगली. आमी शेळ्या हाकत तिथूनच गाव गाठलं.

आता माळावरच चारतो. तरी ती घरी थांबत न्हाई. मी नजरेआड झालो की हाक मारते. काल गंमत म्हणून मी ओ दिली न्हाई. वळून पाहतो तर काट्याकुट्यातून अनवाणी पळत येऊन राहिली होती, पदराचं भान न्हाई. तिला सावलीत बसवून पाणी पाजलं, पायातले काटे काढले. आता ती कितीबी वेळा हाक मारो, मी ओ देतो.

चार दिवस येऊन जा, लेकरा. तुला पाहिल्याबिगर तिचा जीव थाऱ्यावर यायचा न्हाई, अन् माझाबी.

तुझा बाप,
मसाजी