सूर खाली पडू द्यायचा नाही

१७ नोव्हेंबर, वाटूर
लग्नसराईची पहिली वरात आज परतूरला वाजवली. ओठ सुजलेत. अण्णा नेहमीसारखे सगळ्यांच्या पुढे, बँडकडे तोंड करून उलटे चालत हातवारे करत होते. टीबी झाल्यापासून त्यांनी क्लॅरिनेट तोंडाला लावलेलं नाही, तरी मास्तर तेच. आता पुढचा सूर माझ्या सॅक्सोफोनचा, जोडीला भानुकाकांचं क्लॅरिनेट. माझा दम संपला की काका उचलतात, त्यांचा संपला की मी. सांधा कुणाला कळता कामा नये. बाप म्हणून अण्णांनी मला एवढंच शिकवलं, सूर खाली पडू द्यायचा न्हाई.

१९ नोव्हें.
सरांचा पुण्याहून फोन. वर्ष होत आलं, हा माणूस मला मोबाईलवर जॅझ शिकवतोय आणि अजून आम्ही समोरासमोर भेटलेलो नाही. परवाचं रेकॉर्डिंग ऐकलं म्हणाले. "छान वाजवतोस, पण गप्प कधी बसतोस? जागा सोड मधे. ऐकणाऱ्यालाही थोडं थांबू दे."
मग सहज बोलल्यासारखं म्हणाले की त्यांच्या ग्रुपमधला सॅक्सवाला परदेशी चाललाय. डिसेंबरअखेर ये, ऐकतो. जमलं तर इथेच राहा.
हो म्हणून बसलो. घरात सांगितलं नाही.

२१ नोव्हें.
कापसाच्या जिनिंग मिलच्या मागे रियाज. थांबायचा रियाज! वाजवायला शिकताना एवढा त्रास झाला नव्हता. ओळ अर्धी सोडून गप्प राहिलं की भरल्या ताटावरून उठल्यासारखं वाटतं. पण संध्याकाळी एकदा जमलं. त्या गप्प राहण्यातसुद्धा गाणं चालूच होतं. अंगावर काटा आला.

२४ नोव्हें., पिंपळगाव रेणुकाई
घाण केली आज.
पाठवणीचं गाणं चालू होतं. नवरी आईच्या गळ्यात. मला काय सुचलं, ओळीचा शेवट सोडून दिला. थांबलो. काकांना वाटलं माझा दम गेला, त्यांनी झटकन उचललं. पुढच्या ओळीला पुन्हा थांबलो, काका पुन्हा घुसले, डोळे मोठे करून. तिसऱ्या वेळी अण्णाच धावत आले. पाठीवर हात. "खाली बस. पाणी पी." बँड बंद. नवरीची आई रडायचं सोडून माझ्याकडे बघत राहिली.
परतीला टेम्पोत अण्णा माझ्या शेजारी येऊन बसले. विचारलं,
"छातीत दुखून राह्यलं का?"
"न्हाई."
"खोकला?"
"न्हाई अण्णा. मुद्दाम थांबलो."
"टीबी झाला तवा मी बी सगळ्यांला असंच सांगत होतो."

२६ नोव्हें.
अण्णांनी जालन्याला नेऊन माझा एक्सरे काढला. डॉक्टर म्हणाले, छाती ठणठणीत आहे. अण्णांनी दोनदा विचारलं, बराबर बघितलं ना. मला त्यांच्याकडे बघवेना. स्टँडवर सगळं सांगून टाकलं. सर, पुणे, जॅझ.
"मंग बँडचं?"
"दुसरं कुणी बघू."
"कोण हाये? वाजवणारे सगळे डीजेच्या मागं गेले. भानू एकला किती ओढंल?"
खरं आहे. मला जायचंय हेही तेवढंच खरं आहे. त्यांचा राग आला. टीबीचा आला. बसमध्ये वेगवेगळ्या सीटवर बसलो.

२९ नोव्हें.
अबोला. आई ताटं वाढते आणि दोघांच्या मधे बसते.
युसूफभाई, आमचे साईडड्रमवाले, चहाला आले. अण्णांना म्हणाले, "मास्टर, लडके का दम नहीं टूटा था. मेरी काडी चल रही थी ना, वो बराबर ठेक्यावर वापस आया."
अण्णा म्हणाले, "तुला कळलं, मंग मला का न्हाई कळलं?"
युसूफभाईंनी चहा संपवला.

२ डिसेंबर
अण्णा आपणहून म्हणाले, "वाजव. बघू काय थांबतो ते."
ओसरीवर बसलो. भानुकाका सवयीने क्लॅरिनेट घेऊन आले होते. अण्णांनी ते मांडीवर आडवं ठेवायला लावलं. "हात लावायचा न्हाई, भानू." तेच पाठवणीचं गाणं घेतलं, पण माझ्या चालीनं, सावकाश. पहिल्यांदा थांबलो तेव्हा काकांची बोटं हललीच. अण्णांनी त्यांचं मनगट धरलं. दुसऱ्यांदा थांबलो आणि अण्णांकडे बघितलं, तर त्यांनी श्वास धरून ठेवला होता. मी सूर लावल्यावर सोडला. खोकल्याची उबळ आली, तरी हातानं चालू ठेव म्हणाले.
झाल्यावर विचारलं, "तिथं तू थांबल्यावर कोण उचलतं?"
"कुणी न्हाई. थांबायचंच असतं."
"लई एकला पडशील रे."
जा म्हणाले नाहीत. जाऊ नको, असंही नाही.

५ डिसें.
जांब समर्थचे पाहुणे आले होते, जानेवारीतल्या लग्नाची सुपारी द्यायला. अण्णा सुपारीला कधी नाही म्हणत नाहीत, बसल्या जागी हात पुढे करतात. आज केला नाही. माझ्याकडे बघितलं.
"घ्यू का?"
काका तिथेच होते, आई दारात. एरवी यांच्यापैकी कुणीतरी माझ्या वतीनं बोलून मोकळं झालं असतं. आज कुणीच बोललं नाही. पाहुण्यांचा हात तसाच पुढे होता. हो म्हटलं की पुणे गेलं, नाही म्हटलं की बँड.