वडाच्या वळणावरचा राखणदार

आईच्या पायांवर डोकं ठेवून न्वेचा नमस्कार.

मी मजेत आहे, खोकलाही गेलाय. गुडघ्याला तेल लावतेस ना? की मी नाही म्हणून चालढकल?

लढाईच्या काळातला जपानी पलटणीचा तो जुना रस्ता सरकारने जतन केलाय आणि मी तो झाडते. ज्या वडाखाली बाबा पलटणीचं ओझं वाहताना कोसळून मेले, तिथे मी लाल फडक्यात नारळ बांधलाय. असा मेलेला माणूस जागेचा राखणदार होतो, हे इथल्या ड्रायव्हरांना सांगावं लागत नाही. प्रत्येक गाडी तिथे तीनदा पुढेमागे होऊन नाक झुकवते.

काल सान ल्विन आला, मोठा साहेब होऊन. हो, तोच. पलटणीने हमाल मागितले तेव्हा त्याच्याऐवजी त्याच्या मुखिया बापाने बाबांना त्यांच्या हवाली केलं होतं.

"थांबतोस काय? चल!" तो ड्रायव्हरवर खेकसला.

"साहेब, माझी पोरं लहान आहेत. तुम्हीच चालवा."

त्याला कुठे येतंय! जीप तीनदा झुकली.

"राखणदार आहे तरी कोण?" त्याने मला विचारलं.

मी बाबांचं नाव सांगितलं, गावासकट. तो पांढराफटक पडला. खाली उतरला, चपला काढल्या, मातीत डोकं टेकलं.

"अजून दोनदा, साहेब," मी म्हटलं.

नोकरी जाईल म्हणून घाबरू नकोस. गेली तर गेली. पण त्याला परत यायलाही हाच रस्ता आहे, आई, आणि मी झाडू घेऊन वळणावरच बसलेय.

तुझीच,
न्वे