डाव्या हातानं केलेली पत्रिका

मखमलाबाद, नाशिक
२२ नोव्हेंबर २०२४

चि. शुभांगी,
अनेक आशीर्वाद.

तू आणि घरची सगळी बरी असाल. इकडे थंडी पडायला लागली. शेवंती यंदा छान आली आहे, पांढरी जास्त, पिवळी कमी. यांचा गुडघा दुखतो, तरी पहाटे फुलं घेऊन गणेशवाडीच्या बाजारात जातातच. सांगून ऐकतील ते गोटीराम कसले!

पत्र बघून तू दचकली असशील. फोन लावायचं माझ्या दोनतीनदा मनात आलं होतं. पण फोन वाजला की माणसाला बोलावं तरी लागतं, नाहीतर उचलायचा नाही असं ठरवावं लागतं. दोन्ही तुझ्यावर लादायचं नव्हतं. पत्र वाचून बाजूला ठेवता येतं. तुझ्या घरी कोणाला त्रास नको म्हणून तू शिकवतेस त्या शाळेच्या पत्त्यावर पाठवते आहे.

आधी एक सांगते, हे भांडणाचं पत्र नाही. होळीच्या आधी तुझे वडील मनमाडहून अंगठी आणि साखरपुड्याची साडी परत द्यायला आले, तेव्हा तू बाहेर रिक्षातच बसून होतीस. मी खिडकीतून पाहिलं. ओढणी तोंडाला लावलेली होती तुझ्या. मला मुलगी असती आणि तिच्या होणाऱ्या नवऱ्याचं अपघातात असं झालं असतं, उजवा हात लुळा, बोलणं गेलेलं, तर मीही तिला त्या घरात दिलं नसतं. हे मी आमच्या घरात कोणापुढे बोलले नाही. तुला सांगते.

रविराज बरा आहे. म्हणजे चालतो आता, पाय थोडा ओढत. डाव्या हातानं जेवतो. सातपूरच्या कंपनीतले मित्र आधी यायचे. समोरचा बोलत नाही म्हटल्यावर त्यांनी तरी किती वेळ एकट्यानं बोलायचं? हळूहळू कमी झाले. डॉक्टर म्हणतात, त्याला सगळं समजतं, फक्त शब्द जिभेवर येत नाहीत. शुभांगी, त्याचं हे ‘सगळं समजणं’च मला सोसत नाही गं.

बोलण्याचे व्यायाम घेणाऱ्या उज्वला मॅडम आहेत. त्या म्हणाल्या, बोटांना काम द्या, हाताबरोबर जीभही सुटते. मी त्याला मटार सोलायला दिले, वाती वळायला दिल्या. त्यानं सगळं ढकलून दिलं. मग एके दिवशी हे बाजारातून येताना एका पत्रिका छापणाऱ्याकडून कागदाच्या कात्रणांचं पोतं घेऊन आले. जाड, गुळगुळीत, सोनेरी कडेचे तुकडे. फेकायचेच होते ते. यांनी काही न बोलता पोतं त्याच्यापुढे ओतलं आणि गोठ्याकडे निघून गेले. त्या दिवसापासून रवीला दुसरं काही सुचेना.

काय काय करतो म्हणून सांगू! जाड पुठ्ठ्यातून मोराचा आकार कापतो. डाव्या हातानं कापायचं, म्हणून एका मोराला चार दिवस लागतात. त्यावर ओला करून पिळल्यासारखा मऊ केलेला कागद ठेवतो आणि चमच्याच्या पाठीनं घासत बसतो. घासता घासता कागदातून मोर वर येतो, फुगलेला, रंग नसलेला. डोळे मिटून बोट फिरवलं तरी पिसं मोजता येतात. मोबाइलवर बघून त्यानं आणखी एक शिकून घेतलं. ओल्या शाईवर एक पूड भुरभुरायची आणि कागद तापलेल्या इस्त्रीवर धरायचा. पूड वितळते आणि अक्षर टच्च फुगतं, चमकतं. इस्त्री मीच धरते. पहिल्यांदा अक्षर फुगलं तेव्हा आम्ही दोघं हसलो होतो. शाईसाठी झेंडूच्या पाकळ्या उकळून द्याव्या लागतात, लाल हवी तर बीट. माझी दोन पातेली त्यातच गेली.

हे सगळं तुला का सांगते आहे, ते आता लिहायलाच हवं. इतका वेळ शेवंतीचं न् पातेल्यांचं लिहीत बसले.

तो पत्रिका करत होता. तुमच्या लग्नाच्या. साखरपुड्याच्या दिवशी तू म्हणाली होतीस ना, आपली पत्रिका सगळ्यांसारखी छापील नको, हातानं करू? तेच त्यानं धरून ठेवलं होतं.

लग्न मोडलं, हे त्याला आम्ही सांगितलंच नव्हतं. तुझे वडील आले तेव्हा तो आत झोपला होता. उठल्यावर त्यानं दाराकडे बोट केलं. मी म्हणाले, “शुभांगीची बी.एड.ची परीक्षा आहे रे. आता बरेच दिवस यायला जमायचं नाही तिला.” तो हसला. तुला शिकायची किती हौस, ते त्याला ठाऊक.

मला खोटं पुढे रेटायचं नव्हतं. पण त्याच आठवड्यात उज्वला मॅडमसमोर त्याच्या तोंडून पहिला स्पष्ट शब्द आला. मॅडमना इतका आनंद झाला की त्या खुर्चीवरून उठल्याच. तो शब्द होता “शुभा.” ‘आई’ त्याच्यानंतर आला. मॅडम म्हणाल्या, “ताई, हा धागा सोडू नका, यालाच धरून बाकीचे शब्द वर काढू.” मग त्या तुझा फोटो दाखवायच्या, तो ‘शुभा’ म्हणायचा, त्यापाठोपाठ ‘पाणी’, ‘हो’, ‘नको’. आता सांग, मी काय करायचं होतं? खरं सांगून ती विहीर बुजवायची? हे रोज म्हणायचे, “सुवर्णा, पोराला किती दिवस अंधारात ठेवशील?” मी म्हणायचे, दिवाळी होऊ द्या.

दिवाळी झाली. भाऊबीजेला माझा भाऊ जयराम कळवणहून आला. मनानं वाईट नाही तो, पण त्याच्या तोंडाला दार नाही. ओवाळून झालं, फराळाला बसला. रवी शेजारीच चमच्यानं कागद घासत होता. जयराम लाडू फोडता फोडता म्हणाला, “ते मनमाडवाल्यांच्या पोरीचं जमलं म्हनं. पोरगा पुन्याला हाय, लग्न पुढच्या महिन्यात. बरं झालं, तिचंबी मार्गाला लागलं.”

मी डोळ्यांनी खुणावलं. त्याला वाटलं, लाडू घे म्हणते.

चमच्याचा आवाज थांबला. रवीनं माझ्याकडे पाहिलं. त्याच्या ओठांची नुसती हालचाल झाली, आवाज आला नाही. मी मान खाली घातली. तेच उत्तर झालं.

तो ओरडला असता तर बरं झालं असतं. भांडी फेकली असती, मला दोन शिव्या दिल्या असत्या. पण ओरडायलासुद्धा शब्द लागतात. त्यानं चमचा पुसला, कात्रणं गोळा केली आणि आत जाऊन भिंतीकडे तोंड करून पडला. जयराम रडवेला होऊन म्हणत राहिला, “आक्का, मला काय म्हाईत, मला वाटलं त्याला समदं सांगितलं आसंल.” हे अंगणात उभे राहिले, हातात नुसती टोपी धरून.

त्यानंतर रवी बोललाच नाही. ‘पाणी’ नाही, ‘आई’ नाही. तांब्या लागला की उठून स्वतः घ्यायचा. मॅडमनी फोटो बाजूला ठेवून दुसरी चित्रं दाखवली, कप, गाय, सायकल. तो नम्रपणे बघायचा आणि मान हलवायचा. मॅडम मला बाहेर घेऊन म्हणाल्या, थोडा वेळ जाऊ द्या. त्यांच्याही हातात काही नाही, हे मला कळलं.

मी त्याच्याजवळ बसून माफी मागितली. त्यानं माझ्या केसांवरून हात फिरवला. मला वाटलं होतं तो हात झटकेल. तसं झालं असतं तर मला सोपं गेलं असतं.

परवा दुपारी त्यानं पोतं पुन्हा ओढलं. दोन दिवस खाली मान घालून बसला होता. आज सकाळी इस्त्री गरम करून माझ्यापुढे कागद धरला. एकच पत्रिका केली होती, एवढ्या दिवसांतली सर्वांत नीट. कडेला सोनेरी पट्टी, झेंडूच्या शाईनं धुतलेला फिका पिवळा कागद, वर दोन मोर. खाली पूड टाकून नाव लिहिलेलं. मी कागद इस्त्रीवर धरला आणि ‘शुभांगी’ माझ्या डोळ्यांसमोर फुगून वर आलं. त्याच्या बाजूला जागा सोडलेली.

मला वाटलं, हा अजून मानायला तयार नाही, स्वतःचं नाव तिथे घालायचं म्हणतो. तरी मी धीर करून त्याच्या जुन्या पत्रिकांसाठी कापलेली ‘रविराज’ची अक्षरं पुढे केली. म्हटलं, निदान एकदा त्याच्या मनासारखं होऊ दे.

त्यानं ती हळूच बाजूला सारली. रिकाम्या जागेवर बोट ठेवलं. तोंड वेडंवाकडं झालं, मानेच्या शिरा ताठ झाल्या, आणि भाऊबीजेनंतर पहिल्यांदा शब्द फुटला.

“नाव.”

मी म्हणाले, “कोणाचं रे?”

तो मनमाडच्या दिशेला बघत राहिला. मग पुन्हा म्हणाला, “नाव. त्याचं.”

दोन शब्द जोडून म्हणाला तो. मॅडमना फोन करून सांगावं की देवघरात जाऊन रडावं, मला कळेना. जयरामला फोन करून नाव काढता आलं असतं. पण ते दुसऱ्याच्या तोंडून आलेलं मला त्याच्यापुढे ठेववत नाही.

म्हणून लिहिते आहे. जमलं तर मुलाचं नाव एका ओळीत कळव. पत्रिका तुझ्याकडे पाठवायची की नाही, ते तूच ठरव. नको म्हणालीस तर ती इथेच राहील, त्याला मी काहीही सांगेन. खोटं बोलायची मला आता सवय आहे. आणि उत्तर द्यावंसं वाटलं नाही, तरी तुला बोल नाही. फक्त तो संध्याकाळी परत विचारेल, उद्याही विचारेल, आणि मी प्रत्येक वेळी नुसती बघत राहीन.

नव्या घरी सुखी राहा. पूर्वी शेवटी ‘तुझी आई’ लिहायचे. आता तसं लिहायचा हक्क नाही.

रविराजची आई