दुसरा खड्डा

मोहाडी, मार्च १९७९

शकू,

नागपूरजवळ घर शोधून दे, असं तुझे वडील, खेमराजकाका म्हणाले तेव्हा मी एका पायावर तयार झालो. शहरातलं भाडं तुम्हाला झेपेना, आणि फरशीच्या खोलीत हातमागाखाली पाय सोडायला खड्डा कोण खणू देतो? शेवटी पारडीत मातीच्या जमिनीचं घर मिळालं.

काका हसत म्हणाले, "दोन खड्डे खण, बापू. एक माह्या मागाचा, एक जावयाच्या मागाचा."

मी काय समजायचं? तुझ्यासाठीच तर कॉलेज सोडून मागावर बसलो. दुसऱ्या खड्ड्यात स्वतः पाय सोडून बसलो आणि माझ्या पायांना तळाशी दाबायच्या पावड्या येतील एवढाच खोल खणला.

काल तुमचं सामान गाडीत चढवताना काका म्हणाले, "तेजरामले सांगतलं, लग्न झालं का सीधा पारडीले ये."

"कोण तेजराम?"

"शकूचा होणारा नवरा. तिनं तुले नाही सांगतलं?"

नाही सांगितलंस. पारडीला निघताना माझी भाकर तूच बांधून दिलीस, तेव्हाही नाही.

आज त्याला चोपायलाच तुमसरला गेलो. दारात उभा होता, माझ्या खांद्याला लागेल एवढा. माझा हातच उठेना. एवढंच सुचलं, की याचे पाय त्या खड्ड्यात खालपर्यंत पोचायचे नाहीत.

हे पत्र टपालात टाकणार नाही. पण त्याला खाली दोन विटा टाकून घ्यायला सांगजो.

ज्याच्या मापानं खणला तो,
गोवर्धन