जनावरांच्या यादीचं कुलूप

५ मार्च, मंगळवार

बायकांच्या दूध संस्थेत कॉम्प्युटर आला. टेबल चेअरमनच्या खोलीत. खोली एकच हाय, म्हणून ती चेअरमनची, म्हणजे माझी. नात सारिका त्याच्यापुढं बसणार. तेलगावला सहा महिने शिकून आलीय. तिच्या बापानं जन्मात तेवढं एक काम धड केलं.

गावातल्या जनावरांची यादी आता वहीत न्हाई, त्याच्यात. यादीत नाव असंल त्याच्या जनावराला संस्थेच्या छावणीत चारा-पाणी. नसंल तर फाटकातून परत. तहसीलला बी तीच यादी जाते.

सा. म्हणली, 'आज्जी, उघडायला नाव आन पासवर्ड लागतो. दर बाईला येगळं करू?'
कावून? चेअरमन एक, नाव एक. माझ्या नावानंच समद्यांनी उघडायचं. पासवर्ड चंद्री.
'म्हशीचं नाव?'
मग तुझ्या आज्याचं ठेवू? तो हाकेला कधी ओ देत नव्हता.

८ मार्च, शुक्र.

सा.नं आतली मांडणी दाखवली. फोल्डर म्हणजे गाडगं. उतरंडीत गाडग्यावर गाडगं, हिच्यात गाडग्याच्या पोटात गाडगं. संस्था, तिच्या पोटात छावणी, तिच्या पोटात यादी. एकाच नावाच्या दोन याद्या दोन फोल्डरात राहत्यात, भांडत न्हाईत. माणसांपेक्षा बरं हाय.

तिनं छावणीच्या यादीची एक नक्कल 'जुनं' नावाच्या फोल्डरात ठेवली. असू दे म्हणली.

आणखी एक. कुणी नुसतं बघावं, कुणी लिहावं, कुणी पुसावं, हे दर फाईलीला ठरवून देता येतं. हे मला कुणी शिकवायला नको. थोरल्या सुनेला पिठाच्या डब्यात हात, धाकटीनं आधी विचारायचं, तुपाच्या बरणीला दोघींनी बी शिवायचं न्हाई.
सा. म्हणली, 'पण हितं सगळ्याच तुझ्या नावानं बसत्यात. म्हणजे सगळ्यांना सगळं करता येतंय.'
येऊ दे. बायकाच हायेत.

१२ मार्च, मंगळ.

सा. तिच्या आईला घेऊन अंबाजोगाईला दवाखान्यात. दुपारी मी एकटीच. म्हणलं, आपण उघडून बघू. बोटानं च-चं चित्र हुडकण्यात वेळ गेला, इंग्रजी अक्षरं सा.नं कागदावर काढून दिलती. उघडलं.

नावं वाचत खाली गेले. माझी जाऊ गया बी त्यात. भिंतीपलीकडं राहते. बांधावरची बाभळ मी तोडली त्याला चार वर्षं झाली, तवापासून बोलत न्हाई. लेक-सून ऊसतोडीला गेलेत, घरी ही आन दोन म्हशी.

टँकरचा हॉर्न वाजला. घागर घेऊन पळाले. रांगेत पुढं नंबर लागला. पाणी गढूळ.

१४ मार्च, गुरु.

गयाच्या म्हशी फाटकातून परत लावल्या. यादीत नाव न्हाई.

मी गेले तर ती दावं धरून उभी. एवढ्या बायकांत म्हणली, 'बाई, बाभळ घेतली. आता म्हशी बी घ्या.'
घरी चाऱ्याची काडी न्हाई. रविवारच्या बाजारात म्हशी विकते म्हणली. आता बाजारात म्हशीला कोण विचारतंय? खाटीक.

१५ मार्च, शुक्र.

सा.नं मशीनला विचारलं. शेवटचा बदल कधी: मंगळवारी दुपारी. कोणी केला: चेअरमन.

सुमन व्हाईस-चेअरमन हाय. तिनं ते मोठ्यानं वाचलं, आन पुन्हा एकदा वाचलं. 'चेअरमनबाई, मशीन खोटं बोलतंय का?'
म्हणलं, 'चंद्री म्हणून मी रोज सकाळी बोंबलते. पासवर्ड गावातल्या कुत्र्याला बी ठावं हाय.'
'कुत्र्याला टाईप करता येत न्हाई,' सुमन.

'जुनं'मधली यादी निघाली. गयाचं नाव त्यात व्हतं. सा.नं ती आणून बसवली. म्हशी सांजच्याला आत गेल्या. गया माझ्याकडं न बघता गेली.

बाप आठवला. खळ्यावर रास झाली की तो ओल्या राखेचा पंजा राशीवर उठवायचा. कुणी मूठभर काढलं की पंजा मोडायचा. चोरानं दुसरा उठवला तरी कळायचं, बापाचं करंगळीचं पेर तुटकं व्हतं. मशीनला पंजा मोडलेला कळतो. वेळ सुद्धा कळते. नाव पण सांगतं. करंगळी सांगत न्हाई.

१६ मार्च, शनि.

सा. चुलीपाशी हळूच, 'आज्जी, तुझाच हात तर लागला न्हाई ना?'
म्हणलं, भाकर जळतीय, ती बघ.

लिहून ठेवते. मंगळवारी गयाचं नाव एकदा निळं झालतं. का झालं ठावं न्हाई. मग मी कायतरी दाबलं का, का तसंच सोडून गेले... टँकर वाजत व्हता. मागं खोली उघडी, यादी उघडी. सुमनचं घर समोरच.

मला ती नको व्हती का यादीत? नको व्हती. पर मी पुसलं, असं म्हणता येत न्हाई. न्हाई पुसलं, असं बी.

२२ मार्च, शुक्र.

बैठक. सुमनचं म्हणणं, चेअरमननं राजीनामा द्यावा. म्हणलं, तुला खुर्ची पायजे तर घे, एक पाय मोडका हाय.

मीच सांगितलं. दर बाईला येगळं नाव द्या. यादी समद्यांना दिसू दे, लिहायला कुणालाच नको, मला सुद्धा नको. लिहायचं कुलूप दोघींत: अर्धा पासवर्ड सा.चा, अर्धा गयाचा.
सुमन हसली. 'गयाबाईला वाचता येत न्हाई.'
'म्हणूनच. तिला कुणाचं नाव पुसायचं ते कळणार न्हाई.'
गया म्हणली, 'घरातली चूल बी मला वाचून पेटवावी लागत न्हाई.' चार वर्षांत माझ्या बोलण्यावर तिनं काढलेलं पहिलं वाक्य.

सा.नं तिचं अर्धं घातलं. मग आमी समद्या भिंतीकडं तोंड करून उभ्या. समोर लक्ष्मीची तसबीर. मागं गयाचं बोट चारदा वाजलं. मग परत चारदा, पक्कं करायला. पडद्यावर नुसते ठिपके. जागेवरनं लक्षात ठेवलंय म्हणली, जशी अंधारात मिठाची बरणी सापडते.

तीनदा चुकलं तर दिवसभर उघडत न्हाई, सा.नं तसंच लावलंय. चोराला त्रास म्हणून.

६ एप्रिल, शनि. पाडवा

तोडीवरनं गाड्या परत आल्या. गुढीला साखरेच्या गाठी कमी, फाटकापुढं बैलच जास्त. एकाचं बी नाव यादीत न्हाई. गयाचा लेक बी आला, बैलजोडी हाडावर आलीय.

सोमवारी नावं चढवायची. मंगळवारी दुपारी तहसीलला यादी. चुकली तर पुढली यादी पंधरा दिसांनी. ती जोडी पंधरा दिस काढत न्हाई.

८ एप्रिल, सोम.

सा.नं तिचं अर्धं घातलं. आमी भिंतीकडं. गयानं चार बोटं वाजवली. चूक. सा. म्हणली, सावकाश, गयाआज्जी. परत चार. चूक.

गयाचं बोट थांबलं. 'तीन येत्यात. चौथं सरकलं.'
सा. म्हणली, 'आता एकच बाकी.'

गयानं खुर्ची फिरवली. आधी सुमनकडं बघितलं, मग माझ्याकडं. 'बाई, तुमाला ठावं आसंल.'
बाहेर बैलांच्या घंटा.
म्हणलं, 'उद्या सकाळी बस. झोप काढून ये.' आन निघाले.

तसबिरीला काच हाय. पासवर्ड ठरवला त्या दिवशी लक्ष्मीच्या पायाशी गयाचा हात दिसत व्हता. मी मान वळवली न्हाई. डोळे मिटले न्हाईत हे बी खरं. चौथं बोट कडंला गेलतं, खालच्या ओळीत. काचेत डावं ते उजवं दिसतं, म्हणजे कडा कोणची ते उलटून धरावं लागंल. हितं बसून चारदा उलटून बघितलं. दोनदा एक येते, दोनदा दुसरी.

सांगितलं आन उघडलं, तर बैल आत. आन गयाचं नाव पुसल्याची गोष्ट बी माझ्याच नावावर कायमची. जी काचेतून चोरून बघते तिला पुसायला काय लागतं, सुमन म्हणणारच. न्हाई सांगितलं तर माझं नाव हाय तसं, अर्धं काळं. बैल बाहेर.

दिवेलागणीला गया भिंतीशी आली. भिंत कमरेइतकीच हाय, चार वर्षं उंच वाटत व्हती. चौथ्या बोटाचं विचारलं न्हाई तिनं. म्हणली, 'सकाळी माझ्या आदी जाऊन बसा. खुर्चीच्या मागं. भिंतीकडं नको.'

म्हणजे काचेतनं चोरून न्हाई, समद्यांपुढं उघड बघायचं.

चंद्री वरडतीय. धार काढायची राहिलीय.