रिफाच्या व्हिलातलं पिवळं गवत

शुक्र. १४ नोव्हें.
व्हिलातलं हिवाळी गवत दाट आलंय. सकाळी पहिलं खत टाकलं, मी आणि मेव्हणा यासीनने. दवामुळे दाणे पात्यांना चिकटले, लगेच पाणी हवं, नाहीतर खताने पातं जळतं. पण जुम्म्याच्या नमाजाची घाई. पंपाच्या खोलीत कपडे बदलून मी पुढे गेलो. त्याला बजावलं, "पंप लावून पाणी सोड, मगच ये." मशिदीत शेवटच्या रांगेत दिसला. नंतर मी परस्पर मुहर्रकला, गाववाल्यांकडे जेवायला.

रवि. १६
गवत पिवळं! पट्टेच्या पट्टे. नळाजवळचा तुकडा तेवढा हिरवा. मॅडम दारात. "रफिक, ये क्या किया?"
आधी वाटलं, यासीनने तणनाशक मारलं. नव्या गवताच्या दोन कापण्या होईपर्यंत मारायचं नाही, दहादा सांगितलंय. पण डब्याचं सील शाबूत. म्हणजे खतानेच जळलं. पंपाच्या खोलीची किल्लीही गायब, यासीननेच हरवली असणार; कंपनीच्या ऑफिसातून दुसरी आणली.
यासीन म्हणतो, "पानी घातलंय, भाय." नजर खाली. खोटारडा.

मंगळ. १८
नळाजवळचा तुकडा मॅडमच्या खिडकीसमोरच; दिसेल तेवढंच भिजवलं गड्याने. हुशार आहे. परवा मॅनेजरशी हळू आवाजात काय बोलत होता? माझ्या जागेवर डोळा? मीच व्हिसा काढून आणला याला. शमीमला फोनवर काही बोललो नाही. बायको माझी, पण भाऊ तिचा.

बुध. १९
मॅनेजरने विचारलं, जबाबदार कोण. यासीनचं नाव दिलं. पाणी त्याच्याकडेच होतं, खोटं कुठे बोललो?
"खलास. महिनाअखेर उसका व्हिसा कॅन्सल."
बरं वाटलं. मग जेवण गेलं नाही.

शुक्र. २१
जुम्म्यासाठी कुर्ता चढवला. हा फक्त शुक्रवारीच घालतो. खिशात किल्ली.
म्हणजे खोली मीच बंद करून गेलो. सवयीने. या अल्ला.
यासीनला दाखवली. ना हसला, ना चिडला. "बादलीनं घातलं, भाय. नळाजवळून जेवढं जमलं तेवढं. फोन लावला, तुमचा बंद. मला वाटलं, चावी मुद्दाम नेली. मला घालवायला."
"आणि गप्प का बसलास?"
"शमीमआपाला काय सांगणार? तुझा नवरा असा हाय म्हणून?"
आठवडाभर एका खोलीत झोपलो, एका ताटात जेवलो, आणि दोघांच्या मनात हे. फार लाज वाटली.

शनि. २२
खरं सांगितलं तर मॅनेजर मला ठेवणार नाही. माझाही व्हिसा जानेवारीत संपतोय, पोरीचं कॉलेज आत्ताच सुरू झालंय. मी नाही सांगितलं तर कुणाला कळायचं नाही. यासीन तोंड उघडणार नाही, तेच जास्त लागतं.
दुपारी तो बॅग भरत होता. मला विचारलं, "आपासाठी काय नेऊ?"
म्हटलं, "उद्यापर्यंत बॅग भरू नको."
त्याने हातातला शर्ट खाली ठेवला आणि माझ्याकडे बघत राहिला. उद्या सातला ऑफिस उघडतं, आणि मी किल्ली घेऊन आधी मॅनेजरकडे जाणार.